गाडीची गारी

मावशीचा जन्म पेणच्या खाडीकडच्या मिठागरात गेला. गुडघे धरल्यावर ती पेणजवळच्याच रामवाडीला मुलाच्या फ्लॅटमध्ये आली. मी दर रविवारी रोह्याजवळच्या वरसेहून तिच्याकडे जायचे आणि तिचं बोलणं फोनवर रेकॉर्ड करायचे. मला तिच्या बोलीवर पीएच.डी. करायची होती. खाडीकाठी 'ड'चा 'र' होतो, गाडीला 'गारी' म्हणतात. तो कुठे होतो आणि कुठे होत नाही, एवढाच माझा प्रश्न होता.

घरी आले की ऐकत ऐकत टाइप करायचे. फोन भरला की जुनं पुसून टाकायचे. उतरवून झालंय, आता ते ठेवून काय करायचं, असं वाटायचं. उतरवलेलं मावशीला वाचून दाखवायचे. ती मान खाली घालून ऐकायची.

वर्षभराने कॉलेजातल्या एका सहकाऱ्याने मजकुरातले ध्वनी शोधणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर टाकून दिलं. जिथे आपण 'ड' म्हणतो तिथे मावशीच्या तोंडी 'र' आलाय अशा जागा मी मागितल्या. एकही सापडली नाही. अट पुन्हा लिहिली, तरी तेच. मग मजकूरच उघडला. गाडी, होडी, उघडा. सगळीकडे 'ड'. 'पानी'सुद्धा 'पाणी' झालेलं. ऐकताना मला सगळं ऐकू आलं होतं, पण शाळेत लागलेल्या सवयीने मी ते शुद्ध करून लिहिलं होतं. मूळ आवाज तर कधीच पुसले होते.

पुढच्याच रविवारी रामवाडीला गेले. फोन समोर ठेवला.

"आम्ही सकाळी लवकर मिठागरावर जायचो," मावशी सावकाश म्हणाली. "तिथे पाणी सोडायचो." तिच्या बोलण्यातला हा फरक मला त्या दिवशीच जाणवला.

"असं नको गं मावशी. तुझं नेहमीचं बोल."

"तू वाचून दाखवलंस, तेव्हा समजलं मला. इतकी वर्षं चुकीचं बोलत होते मी. लोक हसत असतील गो."

"तुझं बरोबर होतं. मीच चुकीचं लिहिलं."

"असू दे. तू शिकलेली."

तिला वाटलं, मी समजूत घालतेय. मी पुन्हा पुन्हा सांगितलं, तशी ती जास्तच जपून बोलायला लागली. शेवटी मी फोन बंद केला.

चहा घेऊन आलेली तिची सून म्हणाली, "हल्ली घरात पण असंच बोलतात. शब्द अडला की गप्प बसतात. पूर्वी केवढ्या बोलायच्या."

मी चहा घेतला आणि निघाले.

तिच्या वयाच्या दोघीच खाडीकाठच्या तिच्या गावात उरल्या होत्या. एकीला ऐकू येत नाही. दुसरीने दारातूनच सांगितलं, "मना नाय येत तुमच्यासारका बोलाया," आणि दार लोटून घेतलं.

मार्गदर्शकांनी विषय बदलायला सांगितला. मी बदलला.

रामवाडीला अजून जाते. मावशी टीव्ही लावते, आणि आम्ही दोघी तो बघत बसतो.