शंभर टक्क्यांबाहेरची

नववीच्या वर्गात शिरल्या की सिस्टर आधी शेवटच्या बाकाकडे जायच्या. त्या रिकाम्या बाकावर तळहात ठेवायच्या, जरा वेळ तशाच उभ्या राहायच्या आणि मग फळ्याकडे वळायच्या. एखादं नवीन पोर विचारायचं, "सिस्टर, इथं कोणी नाही बसत काय?" त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "यायची आहे एक पोट्टी."

ती पोट्टी काही येत नव्हती, त्यामुळे मुलांनी तिचं भूत करून टाकलं होतं. त्या बाकावर डबा ठेवला तर भाजी आंबते, पेन विसरलं तर त्यातली शाई संपते, असे एकेक पक्के समज. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका, मराठी शिकवणारी, चिखलीच्या एका कारकुनाची मुलगी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी शाळा सुटल्यावर खिडक्या लावायला गेले की मी त्या बाकाकडे पाठ करत नसे. का, ते मला विचारू नका.

सिस्टर आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या मुख्याध्यापिका. मूळच्या केरळच्या. तरुण वयात बुलढाणा जिल्ह्यात आल्या त्या इथल्याच झाल्या. मराठी त्या पुस्तकातून शिकल्या नाहीत, मुलांकडून आणि बाजारातल्या बायांकडून शिकल्या, म्हणून त्यांची मराठी अस्सल वऱ्हाडी होती. फक्त चाल मल्याळी. एकदा पुण्याकडचे एक साहेब तपासणीला आले. पांढऱ्या झग्यातल्या या बाईंनी त्यांच्यासमोरच व्हरांड्यातल्या पोराला हटकलं, "काऊन बे, वर्ग सोडून काय करून राह्यला इथं?" साहेबांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला.

शाळेच्या आवारात मेरीमातेची छोटी मूर्ती होती. परीक्षा जवळ आली की मुलांच्या आया तिथे येऊन उदबत्ती लावायच्या, हळदीकुंकू वाहायच्या. सिस्टरनी कधी कुणाला अडवलं नाही. फक्त एक सांगायच्या, "नारळ नका फोडू बाई इथं. पोट्ट्यांच्या पायात करवंटी घुसते."

तुम्ही अशा शाळांच्या फाटकावर लागणारे बॅनर पाहिलेच असतील. दहावीचा निकाल शंभर टक्के. खाली पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो आणि त्याहून मोठे संस्थेच्या माणसांचे फोटो. आमच्याही फाटकावर तो लागायचा. जून महिन्यात शिक्षकांची पहिली बैठक व्हायची तेव्हा प्रत्येकाने आपल्या विषयाचं वर्षाचं उद्दिष्ट सांगायचं असे. गणिताचे सर टक्के सांगत, विज्ञानाच्या बाई त्याच्यावर थोडे टक्के चढवत, आणि मी आपलं शुद्धलेखन वगैरे पुटपुटत असे. सगळ्यांचं ऐकून झालं की सिस्टर हळूच विचारायच्या, "आणि शेवटच्या बाकाचं काय?"

त्यांची स्वतःची उद्दिष्टं वेगळीच असायची. त्या प्रत्येक मुलाला जवळ बोलावून वर्षभराचं एक काम द्यायच्या. वर्गात कायम पहिल्या येणाऱ्या एका मुलाला सांगितलं, "घरी गेल्यावर आईले विचारायचं, जेवली काय म्हणून. रोज." तोंडातून शब्द न फुटणाऱ्या एका मुलीला सांगितलं, "तू या साली कोणाशी तरी जोरात भांडण कर." ती दिवाळीनंतर भांडली, तेही माझ्याशी, निबंधाचे मार्क कापले म्हणून. मी तक्रार घेऊन गेले तर सिस्टरना इतका आनंद झाला, की त्यांनी मला बसवून केळ्याचे वेफर्स खाऊ घातले.

आणि कोमलला त्यांनी सांगितलं होतं, "कळलं नाही की हात वर करायचा."

कोमल अमडापूरकडची, एस.टी.ने यायची. स्वभावाने गोड, पण गणित म्हटलं की डोळ्यांत पाणी. सिस्टरचं तिनं इतकं मनावर घेतलं, की गणिताच्या तासाला तिचा हात खाली येईना. सर वैतागून म्हणायचे, "हिला एकदाच विचारतो, काय कळलं ते सांग." तरी तिची वार्षिक परीक्षा काठावर निघाली. नववी पास झाली ती, पण काठावर.

निकालाच्या बैठकीत सरांनी तिचं नाव काढलं. "ही दहावीत गेली की आपले शंभर टक्के गेले. नववीतच ठेवू. नाहीतर घरच्यांना सांगू, बाहेरून बसवा." बाहेरून बसवायचं म्हणजे मुलीनं परीक्षा द्यायची, पण आमच्या शाळेची म्हणून नाही. तिचा निकाल आमच्या बॅनरला चिकटत नाही. ही युक्ती काही आमच्याच शाळेची नव्हती, त्यामुळे कुणाला वावगं वाटलं नाही. संस्थेच्या मॅनेजरबाई होकाराची मान हलवत होत्या. सिस्टर म्हणाल्या, "कोमल दहावीत जाईल. आपल्याच शाळेतून बसंल." एवढं बोलून त्या उठल्याच.

दुपारी मी वर्ग आवरत होते. सिस्टर आल्या आणि कधी नव्हे ते शेवटच्या बाकावर बसल्या. एका कडेला, अंग चोरून. दोघांचा बाक तो. शेजारची जागा त्यांनी मोकळी ठेवली होती.

"टीचर, इथं बसत होती ती," म्हणाल्या. "मी नवीन होती तवा. वर्गशिक्षिका होती, तुमच्यासारखी. काठावर पास झाली ती. तवाच्या मोठ्या सिस्टरनं सांगितलं, हिले नववीत ठेवा, निकाल खराब करंल. मी तिच्या बापाले बोलावलं. मीच सांगितलं, पोट्टी कच्ची आहे, एक साल अजून बसू द्या. बापानं ऐकून घेतलं. हात जोडले आणि घेऊन गेला तिले."

पुढच्या वर्षी तिच्या वर्गाची दहावी झाली आणि फाटकावर शंभर टक्क्यांचा बॅनर लागला. तो पाहिल्यावर सिस्टरना राहवलं नाही. जीप पकडून त्या मुलीच्या गावी गेल्या. बापानं चहा पाजला आणि सांगितलं, लग्न करून दिलं, नांदुऱ्याला. मग सिस्टर नांदुऱ्याला गेल्या. मुलगी डोक्यावर पदर घेऊन दारात आली.

"रडली नाही," सिस्टर म्हणाल्या. "मले पाणी दिलं. मंग विचारलं, सिस्टर, मी खरंच नापास झाली होती काय? मी म्हटलं, नाही. तर म्हणे, मंग?"

सिस्टरनी शेजारच्या मोकळ्या जागेवर तळहात ठेवला. बाहेर पोरांचा गलका चालू होता. "मंग, एवढंच. माझ्यापाशी उत्तर नव्हतं टीचर. पुढच्या खेपेले गेली तर ते लोक घर सोडून गेले होते. कुठं, कोणाले ठाव नाही."

मला त्या क्षणी त्यांची दया आली आणि भीतीही वाटली. इतकी वर्षं हा एक शब्द त्यांच्या मागे फिरत होता. बैठकीत, प्रार्थनेत, माझ्या वर्गात त्या रोज तोच ऐकत होत्या, आणि आम्ही समजत होतो बाई जरा लहरी आहेत.

कोमल दहावीला आमच्याच शाळेतून बसली आणि गणितात नापास झाली. त्या वर्षी फाटकावर बॅनर लागला नाही. पालक समितीचे लोक येऊन मोठ्या आवाजात बोलून गेले. कोमल मात्र सिस्टरच्या खोलीच्या दारात उभी राहिली, ओढणीचं टोक तोंडात धरून.

"सिस्टर, मी नापास झाली."

"हाव. पण पेपर देऊन झाली न? दारातून कोणी वापस नाही ना पाठवलं तुले? चाल, पुस्तक काढ."

आणि त्या रणरणत्या उन्हात दोघींचं गणित सुरू झालं. पुरवणी परीक्षा जुलैत होती. सिस्टरच्या बदलीचा हुकूम त्याआधीच आला. नन्सच्या बदल्या होतच असतात, असं सगळे म्हणाले. मीही म्हणाले. सिस्टर सामान बांधायला लागल्या. उरलेली प्रकरणं मी करून घेईन, असं गणिताच्या सरांनी आपणहून सांगितलं, तेव्हा त्यांनी सरांचा हात दोन्ही हातांत धरला.

गाडी नांदुऱ्याहून होती. मी पोचवायला गेले. एक पत्र्याची पेटी आणि एक पिशवी, एवढंच त्यांचं सामान. गाडीला उशीर होता. मी काहीबाही बोलत होते, पण सिस्टरचं लक्ष नव्हतं. त्या फलाटावरच्या बायकांकडे पाहत होत्या. पोर कडेवर घेतलेली, भाजीची टोपली घेऊन बसलेली, नवऱ्याच्या मागे चालणारी. एकेकीचा चेहरा नीट न्याहाळायच्या आणि पुढचीकडे वळायच्या. गाडी सुटली तरी त्या दारात उभ्या राहून फलाटाकडेच पाहत होत्या.

पुरवणीत कोमल पास झाली. मी लगेच फोन लावला.

"हाव काय!" सिस्टर लहान मुलीसारख्या हसल्या. "सांगा तिले, आता कळलं तरी हात वर करत जा म्हणा." मी फोन ठेवणार होते. तेवढ्यात अगदी हळू आवाज आला. "टीचर, नांदुऱ्याची कुठं दिसली काय?"

मी नाही म्हटलं. त्यानंतर जेव्हा जेव्हा फोन झाला तेव्हा शेवटी तो प्रश्न आला आणि मी नाहीच म्हटलं. मागच्या पावसाळ्यात सिस्टर गेल्याचा निरोप आला. चॅपलमध्ये प्रार्थना झाली, कोमल आली होती, खूप रडली. मला रडू आलं नाही. मला एवढंच वाटत राहिलं, की आता त्या मुलीला शोधणारं कुणी उरलं नाही. गाडी नांदुऱ्याला थांबली की आता मीच खिडकीतून बायकांचे चेहरे पाहते. ती समोर आली तर काय सांगायचं, ते मलाही माहीत नाही.

फाटकावर पुन्हा बॅनर लागतो. जूनच्या बैठकीत सगळ्यांचे टक्के सांगून झाले की शेवटच्या बाकाचं आता कुणी विचारत नाही. सगळे चहाच्या कपात बघतात. गणिताचे सरसुद्धा.

यंदा वर्ष सुरू झाल्यावर एक मुलगी उशिरा दाखल झाली. वर्ग भरलेला. ती दप्तर छातीशी धरून उभी राहिली आणि शेवटच्या बाकाकडे बोट करून म्हणाली, "मॅडम, तिथं बसू काय मी?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. माझ्या ओठावर सिस्टरचं उत्तर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "बस."

ती गेली आणि बाकाच्या अगदी कडेला टेकली. "नीट बस की, सगळा बाक तुझाच आहे," मी म्हटलं. तिनं मान डोलावली, पण सरकली नाही. अंग चोरून, शेजारची जागा मोकळी ठेवून ती तशीच बसून राहिली. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. मी फळ्याकडे वळले आणि तारीख लिहायला खडू उचलला, पण बराच वेळ मला आजची तारीख आठवेना.