राखाडी भुताचा अर्ज

नोएलीन पकरिजच्या नावानं बोटं मोडली नाहीत असं घर वॉटल स्ट्रीटवर शोधायला गेलात, तर एकच सापडेल, तिचं स्वतःचं. आणि तिथंही तिचा नवरा क्लेम अधूनमधून हात धुऊन घ्यायचा.

बाई सव्वीस वर्षं कौन्सिलची पार्किंग इन्स्पेक्टर होती. राखाडी कोट, राखाडी टोपी, हातात खडू. टायरवर रेघ ओढायची, तासाभरानं परत यायचं, रेघ जागच्या जागी दिसली की पावती फाडून वायपरखाली खोचायची. मेलबर्नमध्ये या जमातीला लोक राखाडी भूत म्हणत. इतर भुतं अमावास्येची वाट बघतात, हे रोज सकाळी नऊला हजर. तिनं पाद्रीबाबांना सोडलं नाही, फुटबॉल क्लबाच्या अध्यक्षाला सोडलं नाही, एकदा तर क्लेमच्याच गाडीला पावती लावली. तो आठवडाभर अबोला धरून बसला, आणि मग तीच पावती फ्रेम करून पाहुण्यांना दाखवत सुटला.

आता निवृत्तीला चौदा वर्षं झाली होती. क्लेमला अर्धांगाचा झटका आल्यावर गाडी विकली, आणि घरी उचलठेव जमेना तेव्हा त्याला वृद्धांच्या केंद्रात ठेवावं लागलं. पण रविवार त्याचा. व्हीलचेअरची टॅक्सी अकराला दारात यायची, क्लेम आपल्या टेबलाशी बसून भाजलेलं मटण आणि पुदिन्याची चटणी खायचा, दोनला परत. केंद्रातली नर्स सांगायची, रविवारी तो सकाळी सातपासून टोपी घालून बसतो.

यंदा हिवाळ्यात पलीकडच्या क्लबाचं मैदान दुरुस्तीला निघालं आणि त्यांचे सामने आमच्या मैदानावर आले. बस वळायला जागा हवी म्हणून कौन्सिलनं वॉटल स्ट्रीटच्या दोन्ही बाजूंना तात्पुरत्या पाट्या ठोकल्या: रविवारी दहा ते चार, थांबायला मनाई, हंगाम संपेपर्यंत. परवानाधारक रहिवाशांच्या गाड्यांना सूट. परवाना मिळतो गाडीला. नोएलीनकडे गाडी नव्हती. म्हणजे चाळीस वर्षं त्याच घरात राहून ती रहिवासी ठरेना! खाली कोपऱ्यावर उतरवावं, तर चढ असा की व्हीलचेअर ढकलताना ढकलणाराच केंद्रात जायचा.

दोन रविवार टॅक्सी आलीच नाही. तिसऱ्या रविवारी नर्सचा फोन आला. "आज त्यांनी टोपी मागितली नाही, बाई."

नोएलीननं नियमावली काढली. नियम तिला तोंडपाठ, पण खात्री करून घेतली: तात्पुरती मनाई चार आठवड्यांहून जास्त मुदतीची असली, तर रस्त्यावरच्या निम्म्याहून जास्त घरांच्या सह्या आणल्यास कौन्सिलला फेरविचार करावाच लागतो. घरं बावीस. सह्या हव्या बारा.

तिनं नीट टाइप करून बावीस प्रती काढल्या आणि इथं जन्माची सवय आडवी आली. पत्रपेटीत टाकायच्या सोडून बाईनं त्या एकेका गाडीच्या वायपरखाली खोचल्या.

झालं. खिडकीखिडकीतून लोकांनी पाहिलं, राखाडी भूत पुन्हा जागं झालं! संध्याकाळपर्यंत सगळे कागद चुरगळून कचऱ्यात. समोरची एव्हदोकिया तर तुकडे मुठीत घेऊन दारात आली. ग्रीक बाई, आवाज असा की लिंबाच्या झाडावरची पाखरं उडावीत.

"अगं ए, लाज वाटत नाही? निवृत्त झालीस ना? का आता हौसेखातर फाडतेस?"

"पावती नाही ती. अर्ज आहे."

"कसला अर्ज?"

नोएलीननं सांगितलं. एव्हदोकियाचा आवाज खाली आला. तिनं ओट्यावर तुकडे जुळवले, चिकटपट्टी लावली आणि सही ठोकली. "क्लेमसाठी देतेय हं. तुझ्यासाठी नाही." मग जरा थांबून, "घरोघर जा आता. आणि तोंड गोड ठेव."

"जमणार नाही."

"मग निदान बंद ठेव."

नोएलीन घरोघर गेली. प्रत्येक दारात आधी जुनी पावती निघायची, मग पेन. कुणाच्या आईचा दवाखाना, कुणाच्या बहिणीचं लग्न. बाई मान खाली घालून ऐकायची. चार दिवसांत अकरा सह्या झाल्या, उरलेल्यांनी दार उघडलं नाही. बारावं दार राहिलं, डॅरिल कूटचं. तो प्लंबर. त्याची बायको बाळंत होत होती त्या दिवशी हॉस्पिटलपुढच्या त्याच्या व्हॅनला नोएलीननं पावती लावली होती.

"या या, भूतबाई!" डॅरिल दाराला टेकून म्हणाला. "मी त्या दिवशी पायऱ्यांवरून ओरडत आलो होतो, एक मिनिट, एक मिनिट! आठवतंय?"

"आठवतंय."

"मग म्हण, चुकलं."

नोएलीननं ओठ चावला. सही हवी होती, आणि खोटं बोलणं रक्तात नव्हतं. "पावती बरोबर होती, डॅरिल. गाडी ॲम्ब्युलन्सच्या जागेत होती. पण एक मिनिट मी थांबायला हवं होतं. ते चुकलं."

डॅरिलनं मनगटावरचं घड्याळ वर केलं. "ठीक. मग आता थांब. एक मिनिट."

आणि खरंच थांबवलं लेकाच्यानं. बाई शहात्तराव्या वर्षी त्याच्या पायपुसण्यावर ताठ उभी. तो काटा बघतोय, ती त्याच्याकडे. चाळिसाव्या सेकंदाला त्याचीच मान खाली गेली. "आण तो कागद," तो पुटपुटला. पण ती म्हणाली, "अजून वीस आहेत." पूर्ण साठ झाल्यावरच तिनं पेन पुढे केलं.

कौन्सिलनं मोठं मन केलं म्हणायचं. तिच्या दारापुढं एका गाडीची जागा मोकळी ठेवली आणि नवी पाटी लावली: आजारी रहिवाशांना उतरवण्यासाठी, पंधरा मिनिटं.

पुढच्या रविवारी अकराला टॅक्सी आली. एव्हदोकिया लिंबं घेऊन उभी, डॅरिल उगाचच गटाराचं झाकण तपासत होता. व्हीलचेअर खाली उतरवणारा टॅक्सीचा पाळणा मध्येच अडकला. ड्रायव्हर बटणं दाबतोय, डॅरिल पाना घेऊन धावला, क्लेम टोपी घालून अधांतरी. शेवटी चाकं फुटपाथला लागली तेव्हा नोएलीनची नजर, नको म्हणताना, घड्याळाकडे गेलीच.

झटक्यानंतर क्लेमकडे मोजकेच शब्द उरले होते. त्यानं पाटी वाचली, तिची नजर पकडली, आणि वाकड्या तोंडानं हसत म्हणाला, "सोळा."

"गप," नोएलीन म्हणाली आणि खुर्ची आत ढकलू लागली. "एक मिनिट चालतं."