न उघडणारी खिडकी

बोडिल थोर्साअरची उभी हयात अतिदक्षता विभागात गेली. नळी साफ करायची, कूस बदलायची, औषधाच्या पंपांवर डोळा ठेवायचा, आणि बेशुद्ध माणसालाही "आता जरा गार लागेल हं" असं सांगूनच अंग पुसायला घ्यायचं. शिवाय डेन्मार्कातल्या जुन्या नर्सांचं आणखी एक काम ती इमानेइतबारे करायची. माणूस गेला की खिडकी उघडायची. आत्म्याला वाट नको?

मग नवी इमारत आली. सगळ्या काचाच काचा, आणि रुग्णांच्या खोल्यांत उघडत एकही नाही. हवेचं म्हणे यंत्र बघतं. इमारतीला बक्षीससुद्धा मिळालं. आत्म्यांनी बहुधा लिफ्टने जायचं होतं.

तिच्याकडच्या खाटेवर एगोन होता, हिर्ट्सहाल्स बंदरावरचा म्हातारा कोळी. आता काही उपयोग नाही, दुपारी श्वासाचं यंत्र काढू, असं डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, गुड्रुनला, सकाळीच सांगितलं होतं. तिचं मागणं एवढंच, की खिडकी उघडा. जन्मभर समुद्रावर काढलेला माणूस असा बरणीत कोंडलेला राहायला नको. बोडिल शब्द देऊन बसली. खिडकी आणणार होती कुठून, देव जाणे!

अख्ख्या मजल्यावर उघडणारी खिडकी एकच, नर्सांच्या कॉफीच्या खोलीत. खाट तिथे न्यायची म्हटल्यावर विभागप्रमुख प्रेबेनने स्वच्छतेपासून आगीपर्यंतचे सगळे नियम ऐकवले.

"प्रेबेन, तू बैठकीला जा बघू," बोडिल म्हणाली. "तिथे तुझ्यावाचून सगळ्यांचं अडलं असेल."

बिचाऱ्याला ते खरंच वाटलं. गेला.

मग यंत्र, पंप, नळ्या असा सगळा संसार घेऊन खाट निघाली, सोबत डॉक्टर. केकचा डबा आणि कप बाजूला सारून ती खिडकीपाशी लावली. डॉक्टरांनी श्वासाचं यंत्र काढलं. गुड्रुनने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता. एगोनने थोडा वेळ आपल्या बळावर श्वास घेतला, मग नाही घेतला.

बोडिलने कडीला हात घातला.

"नको गं," गुड्रुन म्हणाली. "इतक्यात नको पाठवूस त्याला."

बोडिलने कडी सोडली, खुर्ची ओढली आणि गुड्रुनशेजारी बसून राहिली.