मी सुचवलेलं पुस्तक आणि त्यांचं पार्किंग

मेधाताईंनी पुस्तक दोन बोटांनी उचललं. ओलं फडकं उचलतात तसं. मुखपृष्ठ खाली करून ढोकळ्याच्या ट्रेशेजारी ठेवलं. मग माझ्याकडे बघून, अगदी गोड आवाजात, सगळ्या मुलांसमोर म्हणाल्या, "हे असलं आमच्या मुलांना नको हं. तुमच्या लोकांना सगळीकडे हेच दिसतं. आम्ही ते सगळं इंडियात सोडून आलोय."

तुमच्या लोकांना.

इंग्लंडमधल्या रीडिंग शहरातलं त्यांचं घर. मागच्या बाजूला काचेची मोठी खोली, फरशी खालून गरम होणारी. त्या उबदार फरशीवर मोजे घातलेली मुलं मांडी घालून बसलेली, भिंतीकडेच्या खुर्च्यांवर त्यांच्या आया. माझी मुलगी अन्वी माझ्या शेजारी. मग एकीनं घाईघाईनं विचारलं, "अजून चहा कोणाला?"

मी हसले. हो, हसले. आमच्या अंगात ते इतकं मुरलंय की अपमान झाला तरी समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये याची काळजी आम्हीच घेतो.

आता पहिल्यापासून सांगते.

मी इथल्या एका सेकंडरी स्कूलच्या लायब्ररीत काम करते. मूळची नागपूरची. नवऱ्याला आयटीत नोकरी मिळाली, त्याच्या मागे आले. माझं काम म्हणजे चौदा-पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांसाठी आज जे लिहिलं जातंय ते वाचायचं आणि त्यांच्या हातात पडेल असं करायचं. लोकांना वाटतं, मज्जा आहे. "अजून टीनएजर्सच्याच गोष्टी वाचता का?" असं एकीनं मला विचारलंही होतं. वाचते. मोठ्यांच्या पुस्तकांत माणसं तीनशे पानं मनातल्या मनात कुढतात. ह्या पुस्तकांतली पोरगी तिसऱ्या पानावर बापाला विचारते, तू खोटं का बोललास? मला ते आवडतं. मी त्या वयात कुणाला काही विचारलं नाही.

आणि ह्या वयाच्या मुलांना पुस्तक सुचवणं सोपं नसतं. 'हे वाच, चांगलं आहे' म्हटलंत की संपलं, ते पुस्तक मेलं. मी परत आलेल्या पुस्तकांच्या ट्रॉलीवर ते ठेवून देते, आत्ताच कुणीतरी वाचून टाकल्यासारखं. मुलं कपाटाकडे बघत नाहीत, ट्रॉली मात्र उचकतात. दुसऱ्या कुणी वाचलंय म्हणजे काहीतरी असणार, असा त्यांचा हिशेब.

हे सगळं मी एकदा इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात सांगत होते, तेव्हा मेधाताईंनीच मला धरलं. इथल्या हॉस्पिटलात त्या भूल देणाऱ्या डॉक्टर. मराठी मंडळीत त्यांचा शब्द चालतो. म्हणाल्या, "आमची मुलं फोनमधून डोकं वर काढत नाहीत. तुम्ही काहीतरी कराच." मला आभाळ ठेंगणं झालं. नागपूरच्या वस्तीतली मी, आणि डॉक्टरीण बाई मला 'कराच' म्हणतेय.

असा आमचा वाचनक्लब सुरू झाला. महिन्यातून एक रविवार. एक पुस्तक, मी निवडलेलं. प्रत्येक वेळी वेगळ्या घरी, ज्याचं घर त्याचं खाणं. मुलं मराठीत बोलणार, जमेल तेवढं. आया बसणार, मुलांचं मराठी सुधारायला म्हणून. खरं तर साड्यांच्या आणि ग्रामर स्कूलच्या प्रवेशपरीक्षेच्या गप्पा मारायला.

आमचं आडनाव गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' लागलेलं. सुरुवातीला एकीनं विचारलं, "कोकणातले का तुम्ही?" मी म्हटलं, विदर्भातले. त्यांनी त्यांचं काय ते ठरवून टाकलं. मी त्यात बोलले नाही. कपाळावर छापून फिरायचं का मी?

मग एका रविवारी आमची गाडी बिघडली होती. पुस्तकांचा खोका जड, म्हणून मेधाताई मला घरी सोडायला आल्या. दारापर्यंत खोका आणला. मी दार उघडलं. समोरच्या भिंतीवर निळ्या कोटातला फोटो, खाली बुद्धाची छोटी मूर्ती. त्यांनी पाहिलं. "अच्छा," म्हणाल्या. खोका उंबऱ्याबाहेर ठेवला. "आत या ना, चहा घेऊन जा," म्हटलं, तर उशीर झाला म्हणाल्या.

त्यानंतर आमच्या घरी क्लब भरायची वेळ कधी आलीच नाही. सगळ्यांची घरं झाली, परत पहिल्यापासून सुरू झाली. मी ग्रुपवर आठवण केली. उत्तर आलं, "अहो, तुमच्या रोडवर पार्किंगचा प्रॉब्लेम आहे ना." आमचा रस्ता रविवारी अर्धा रिकामा असतो. पुन्हा विचारलं तर, "तुम्ही एवढी पुस्तकं निवडता, तुम्हाला अजून त्रास कशाला!" बरं, म्हणून मी दुसऱ्यांच्या घरी डबा न्यायला लागले. सांबारवडी केली होती एकदा, नागपुरी, कोथिंबिरीची. डबा कोपऱ्यात तसाच. "मुलांना नट ॲलर्जी असते ना, घरचं नको." त्याच टेबलावर बाकी सगळ्यांचं घरचंच होतं. शेंगदाण्याच्या लाडवांसकट.

इथे विटाळाला विटाळ म्हणत नाहीत. पार्किंग म्हणतात. ॲलर्जी म्हणतात. आवाज चढत नाही, प्लीज आणि थँक यू कुठे चुकत नाही. तुम्ही कुणाकडे तक्रार करणार, आणि कशाची? कौन्सिलला सांगणार की आमच्या रस्त्यावर जागा असूनही लोक गाडी लावत नाहीत?

आईला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "कायले जातं वं तू त्याइच्या घरी? मन भरलं नाई का अजून?" मी म्हटलं, आई, मुलं वाचतात गं. ते खरंच होतं. मेधाताईंची इरा, अकरावीतली, ती तर पुस्तकं खायची. आणि अन्वीला त्या मुलांत मैत्रिणी मिळाल्या होत्या. इरा तिची सगळ्यात जवळची.

क्लबात आम्ही काय काय वाचलं! पॅनिक अटॅक येणारी मुलगी. आईबापाचा घटस्फोट. मुलावर प्रेम करणारा मुलगा, तेव्हा आया जरा चुळबुळल्या, पण "आपण ओपन असायला हवं" म्हणाल्या. काळ्या मुलाला पोलीस रस्त्यात थांबवतात, त्या कादंबरीच्या वेळी तर मेधाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "मलाही पेशंट विचारतात, दुसरा डॉक्टर नाही का? तुम्ही कितीही शिका, जन्मावरून माणसाला असं वागवायचं म्हणजे..." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. माझा डबा तेव्हा झाकणासकट कोपऱ्यात होता.

मग ते पुस्तक आलं. नवीन कादंबरी, इथल्याच एका तरुण लेखिकेची. पंधरा वर्षांची मुलगी, इंग्लंडमधलं साधं गाव. तिच्या मैत्रिणीची आजी एकदा तिला पूर्ण नाव विचारते. बस. त्यानंतर वाढदिवसाची बोलावणी बंद होतात. गोष्टीत कुणी कुणाला मारत नाही, विहीर नाही, गावकूस नाही. मी ते लायब्ररीत उभ्या उभ्या वाचलं आणि घंटा झाली तरी हलले नाही. माझ्याबद्दल कुणीतरी लिहिलं होतं, मला न विचारता.

क्लबाला सुचवायचा धीर होत नव्हता. पिशवीत घेऊन फिरायचे नुसती. इरानंच ते ओढून बाहेर काढलं. "मावशी, हा बुक कुठला आहे?" घरी घेऊन गेली आणि मेसेज केला, ह्या महिन्याला हेच घ्या. मी हो म्हटलं. आयांनी नेहमीप्रमाणे मागचं कव्हर वाचलं. तिथे 'मैत्री' होतं, 'ब्रिटिश एशियन' होतं, पुढे बक्षिसाचं गोल स्टिकर होतं. स्टिकर दिसलं की ह्या मंडळींना आतलं वाचायची गरज वाटत नाही. पास झालं.

त्या रविवारी इरा बोलली ते मला शब्दन् शब्द आठवतं. "ह्यात ती मुलगीला कोणी मारत नाही. फक्त इन्व्हाइट येणं बंद होते. आणि सगळे इतके नाइस असतात. दॅट्स द स्केरी बिट." मग ती आईकडे वळली. "आई, आपण मावशीच्या घरी कधीच का नाही गेलो? सगळ्यांचा टर्न झाला."

कुणीतरी म्हणालं, "पार्किंग..."

"पण तिथे जागा असते. मी बसमधून रोज बघते."

तेव्हा मेधाताई उठल्या आणि त्यांनी पुस्तक दोन बोटांनी उचललं.

मी हसले, हे सांगितलंच. तिथेच सगळं मिटलं असतं. चहा आला असता, पुढच्या महिन्यात दुसरं पुस्तक. पण अन्वी पुढे वाकली. तिनं हळूच ते पुस्तक ट्रेशेजारून काढलं, माझ्या पिशवीत घातलं आणि पिशवीची चेन लावली. चेहरा लालबुंद. कानाशी म्हणाली, "मम्मी, लेट्स गो. प्लीज."

त्या हाताकडे मी बघत राहिले. किती सफाईनं लपवलं तिनं! आवाज होऊ दिला नाही, कुणाकडे बघितलं नाही. पंधरा वर्षांची, ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात जन्मलेली पोर. नागपूरची आमची वस्ती तिनं दोनदा पाहिलीय, तीही सुट्टीत. आणि तरी तिला माहीत होतं, आपलं काही असेल तर ते झाकायचं असतं. माझ्या डोक्यात काहीतरी फाटलं. मला मेधाताईंचा एवढा राग आला नव्हता जेवढा त्या चेनच्या आवाजाचा आला.

मी चेन उघडली. पुस्तक काढलं. ढोकळ्याच्या ट्रेला टेकवून उभं केलं, मुखपृष्ठ त्यांच्याकडे करून.

म्हटलं, "मेधाताई, सगळं इंडियात सोडून आलात म्हणता. मग माझ्या दारात मला ओळखलंत कसं?"

"तुम्ही उगाच पर्सनल घेताय."

"पर्सनलच आहे. पुढच्या महिन्यात क्लब माझ्या घरी. पुस्तक हेच. यायचं त्यांनी यावं, माझ्या खुर्चीवर बसावं, मी केलेलं खावं. जमत नसेल तर पुस्तकं निवडायला दुसरी बाई बघा."

माझा आवाज कापत होता. हे मी लपवत नाही.

गाडीत अन्वी रडली. "तू गप्प का नाही बसली? एकच तर फ्रेंड होती माझी." मी तिला समजावलं नाही. तिचं चूक नव्हतं. माझ्या ताठ उभं राहण्याची किंमत तिनं मोजली, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. हे मला आजही टोचतं. तरी मी ते पुस्तक परत पिशवीत घातलं नसतं.

संध्याकाळी मेधाताईंचा व्हॉइस नोट आला. गोडच. "झालं ते झालं. तुमचा वाचनाचा गुण आहेच, तो वाया जाऊ नये. निवडत राहा. फक्त आधी आम्हाला नावं दाखवत जा. आणि ते एक पुस्तक तेवढं सोडा." एकच पुस्तक. तेवढं सोडलं की मी परत त्यांची, अन्वीला इरा परत, कोपऱ्यातला डबा परत.

मी लिहिलं, "नावं दाखवणार नाही. पुस्तक सोडणार नाही." थोड्या वेळानं मी त्या ग्रुपमध्ये नव्हते.

ठरलेल्या रविवारी मी खुर्च्या मांडल्या. सांबारवडी केली. पुस्तकं मांडली. खिडकीतून रस्ता दिसत होता, अख्खी बाजू मोकळी. कुणी आलं नाही. इराही नाही. तिला आणणार कोण? अन्वी वरच्या खोलीत दार लावून. नवरा म्हणाला, "आता उचलू या का?" मी म्हटलं, वेळ संपेपर्यंत राहू दे.

कुणाला वाटेल, बाई हरली. वाटू दे. मी पुढच्या महिन्यातही खुर्च्या मांडणार आहे. त्याच्या पुढच्याही. ते येतील म्हणून नाही. माझ्या घरात बसायला जागा होती, ही गोष्ट त्यांना पुसता येऊ नये म्हणून.

आणि शाळेत ते पुस्तक मी सुचवणार. उघडपणे, माझ्या नावानं. गोऱ्या मुलाला, पंजाबी मुलीला, मराठी मुलीला. अन्वीला तर देणारच, ती फेकेल तितक्या वेळा देणार. आणि एखादं मूल पुस्तक परत करताना विचारेल, "मिस, हे खरंच होतं का इथे?" तेव्हा मी हसणार नाही. कुठल्या रस्त्यावर, कुठल्या घरात झालं, ते सांगेन.