घोडीच्या वाढदिवसाचा केक

नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसतो. एरवी मोजकं बोलणारा, पण लॅपटॉपवर चिकटवलेल्या, घोड्याचे कान असलेल्या ॲनिमे-मुलीबद्दल विचारलं की थांबत नाही. "म्हणजे बघ, ही मुळात जपानमधल्या एका खऱ्या रेसच्या घोडीवर बेतलेली. त्या घोडीच्या पायाचं हाड मोडलं, तरी वर्षभरानं धावली आणि जिंकली."

इथे ज्याचा वाढदिवस, त्यानंच केक आणायचा. गेल्या वर्षी त्यानं घोडीच्या वाढदिवसाचा आणला. सगळ्यांसमोर मी म्हणालो, "मग गवत आणायचंस ना."

सगळे हसले. तोही हसला, आणि पहिला तुकडा मलाच दिला.

परवा तीच तारीख होती. दुपारपर्यंत मी तीनदा पँट्रीत डोकावलो. टेबल रिकामंच होतं.

"काही हवंय का?" त्यानं मागून विचारलं.

"साखर," मी म्हणालो.

त्यानं ती काढून दिली.