कात्रीतून वाचलेली गाठ

डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधलेला पोरगा दिसला की वामनमामा लष्कर मोहल्ल्याच्या भर रस्त्यात त्याची मोटारसायकल अडवायचा. "काय रे हे डोक्याला?"

"बंडाना, सार."

"कुठला शब्द?"

"इंग्लिश."

"अय्यो! आमच्या घरातून नेलेला आहे तो!"

मामा हायस्कुलात इंग्रजी शिकवायचा, पण घराणं रंगाऱ्यांचं. कापडाची चिमूट धरून दोऱ्यानं आवळायची आणि रंगात बुडवायची. आवळलेली जागा पांढरी राहते, तोच ठिपका. या बांधण्याला उत्तरेकडे बांधनू म्हणत. गोऱ्यांनी रुमाल नेले, सोबत नावही नेलं, आणि मग यंत्रावर ठिपके छापून कुठल्याही रुमालाला तेच चिकटवलं. "बांधलंच नाही तर बांधनू कसलं? सुम्ने नाव लावायचं?" सुम्ने म्हणजे उगीच, रागावला की मामाच्या मराठीत असं कन्नड घुसायचं.

अस्सल माल गाठींसकट विकायचा, ही त्यांची रीत. घेणाऱ्यानं दोन टोकं धरून ओढायचं, तटातट दोरे सुटतात, तीच खात्री. आजीनं डोळे जाण्याआधी बांधलेला शेवटचा रुमाल मामानं तसाच जपला होता. निवृत्तीच्या समारंभात तो मुलांसमोर ओढून दाखवायचा, एवढीच त्याची हौस. "एकदा तो आवाज ऐकला की पोरं जन्मात विसरणार नाहीत," म्हणायचा.

समारंभाला मीही गेले होते. मामाच्या डोक्यावर मानाचा पेटा, म्हणजे तिकडची पगडी, चढत होता, तेवढ्यात एका उत्साही शिक्षकानं, टेबलावर चुरगळलेलं कापड बरं दिसत नाही म्हणून, कात्रीनं गाठी छाटल्या. दोऱ्यांबरोबर कापडही. मामानं रुमाल उलगडला तर ठिपक्यांच्या जागी भोकं. वर तो गृहस्थ म्हणतो, "सार, दुकानात नवा बंडाना मिळतो, आणून देऊ?" मुलं हसली. माझ्या अंगाचा आजही तिळपापड होतो. आधी विचारायला तोंड नव्हतं का त्याला?

मामा भांडेल असं मला वाटलं. त्यानं रुमालाची घडी केली, खिशात ठेवली आणि भाषण न करताच खाली उतरला. त्यानंतर रस्त्यात त्यानं कुणालाही अडवलं नाही.

तो गेल्यावर मामीनं रुमाल मला दिला. कोपऱ्यातली एक गाठ कात्रीतून वाचली आहे. आता मोटारसायकली मी अडवते. "घरी ये आणि ओढून बघ," म्हणते.

अजून कुणी आलेलं नाही.