टाकी, तळं आणि आमचे साडू

जगात पाहण्यासारखं जे काही आहे ते सगळं आमच्या कॉलनीपासून चालत दहा मिनिटांच्या आत आहे, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मी पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पाहुणा आला की रत्नागिरीतले लोक त्याला समुद्र दाखवतात, किल्ल्यावर नेतात. आमचे साडू पाण्याची टाकी दाखवतात. मिरजोळ्याच्या पुढे कातळावर ही वसाहत झाली तेव्हा शेजारी-शेजारी प्लॉट घेणारे आम्ही दोघे पहिले. तेव्हापासून टाकी, जुन्या चिरेखाणीत पाणी साचून झालेलं तळं आणि रस्ता पलीकडे सरकल्यामुळे ओस पडलेला बसथांबा, ही ठिकाणं त्यांनी स्वतःच्या अंगावरच घेतली. एकदा पुण्याहून आलेले माझे साहेब सूर्यास्त बघायला निघाले होते. साडूंनी त्यांना फाटकातच गाठलं. "सूर्यास्त काय हो, रोजचाच! असा चिरा आता बघायला मिळायचा नाही," म्हणत थेट तळ्यावर नेलं. साहेब परतले ते मोज्यांत कुसळं भरून, आणि जाईपर्यंत माझ्याशी धड बोलले नाहीत. पण मूलबाळ नसलेला, रिटायर झालेला, मनाने देवमाणूस. त्याला बोलणार कोण?

माझ्या लेकीला बघायला पाहुणे यायचे ठरले, तेव्हा मात्र मला साडूंची धास्ती वाटली. मुलगा आणि ती एकमेकांना केव्हाच पसंत होती. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडिलांपाशी. संगमेश्वरचे गृहस्थ, गुडघ्याने अधू आणि जिभेने फटकळ. "मुलगी, माणसं बघीन, मगच काय ते सांगीन," म्हणाले होते. लेक सकाळपासून चारदा मला सांगून गेली, "बाबा, आज काकांना आवरा हां." मी आवरणारच होतो. पण साडू आधीच नाक्यावर जाऊन उभे! पाहुण्यांची गाडी दाराशी आली, तिच्यातून उतरला एकटा ड्रायव्हर. बाकीची मंडळी टाकीकडे रवाना. दीड तास! पोहे गार झाले, गरम केले, पुन्हा गार झाले. फोन करावा तर साडूंचा मोबाईल आमच्याच ओट्यावर वाजतोय. "भावोजींनी वाट लावलीनी हो सगळ्याची!" बायको कपाळाला हात लावून बसली. लेक दर पाच मिनिटांनी फाटकापर्यंत जाऊन येत होती, तेच मला जास्त लागत होतं.

अखेर मंडळी आली. मुलाचे वडील लंगडत पुढे, बूट लाल मातीने माखलेले. मी हात जोडून माफी मागायला लागलो, तर खुर्चीत बसत ते म्हणाले, "अहो, कसली टाकी दाखवतायत तुमचे साडू! टाकीखाली तुमची लेक सायकल शिकली. हनुवटी फुटली, तरी उठून परत चढली. तळ्यावर गेलो, तर तिथे गाळात रुतलेलं वासरू हिने ओढून काढलंन. थांब्यावर मला पंधरा मिनिटं उभा केलंनी, कॉलेजच्या एस.टी.साठी ही रोज किती उभी राहायची ते कळावं म्हणून! आता आणखी काय बघायचं राहिलं? माझ्याकडून होकार. आधी चहा द्या."

मागे साडू माझ्या बायकोकडे तक्रार करत होते, "तळं काही नीट बघितलंनी नाही त्यांनी." मला स्वतःचीच लाज वाटली. सायकल मला माहीत होती. वासराचं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. इतक्या वर्षांत मी साडूंबरोबर एकदाही शेवटपर्यंत गेलो नव्हतो.

लग्न दारातच झालं. पाठवणीला साडू कुठे दिसेनात. गाडी हलल्यावर शोधत परसात गेलो, तर हे मागच्या कुंपणाच्या चिरेबंदी गडग्यावर चढून उभे. म्हटलं, "उतरा हो, पडाल. चला, दोन घास खाऊन घ्या."

मान न वळवता ते म्हणाले, "वर या तुम्ही. हितनं गाडी पार हायवेच्या वळणापर्यंत दिसते."

मी चढलो. त्यांनी माझा दंड घट्ट धरला. गाडी वळणाआड गेली, तरी आम्ही दोघेही खाली उतरलो नाही.